हिरवं बटण

हिरवं बटण म्हणजे होय, तांबडं म्हणजे नाही आणि पिवळं म्हणजे तटस्थ. राजदूताचं बोट पिवळ्यावर होतं. मंत्रीसाहेबांनी तसं बजावलंच होतं. शेजारच्या बड्या देशानं एका छोट्या देशातल्या इस्पितळावर बॉम्ब टाकले होते आणि त्याच्या चौकशीचा ठराव जागतिक सभेत मताला आला होता. बडा देश आपल्याला गॅस पुरवतो, निवडणूक तोंडावर आहे, तेव्हा आपण त्यात पडायचं नाही.

छोट्या देशाची प्रतिनिधी दोन खुर्च्या सोडून बसली होती. मूळची डॉक्टर, त्याच इस्पितळातली. सकाळी तिनं त्याला जिन्यात गाठलं होतं.

"तुमचं मत मिळालं तर ठराव एका मतानं पास होतो," ती म्हणाली होती. "नाहीतर आमच्याकडे कुणी फिरकणारसुद्धा नाही."

"बघतो," तो म्हणाला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं दुसरं काही म्हटलंच नव्हतं. युद्धं झाली, माणसं देशोधडीला लागली आणि हा आपला बघतोच आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. काठावरून बुडणारी माणसं नीट दिसतात, एवढाच काय तो फायदा. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

मागे बसलेला सचिव पुढे वाकला. "साहेब, दहा सेकंद राहिले. पिवळं ना?"

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हुकूम मोडला तर बडतर्फी ठरलेली, पेन्शनवरही पाणी सोडावं लागणार. घरी बायकोला काय सांगायचं तेही सुचेना. त्यानं हिरवं दाबलं.

ठराव एका मतानं पास झाला. डॉक्टर उठून त्याच्यापर्यंत आली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. सचिवाचा चेहरा पांढराफटक पडला होता. राजदूताला मात्र कित्येक वर्षांनी हलकं हलकं वाटत होतं. खोलीवर येऊन तो राजीनामा लिहायला बसला. दोन ओळी होतात न होतात तोच फोन वाजला. खुद्द मंत्रीसाहेब होते.

"साहेब, मी मुद्दाम केलं. जी काही शिक्षा असेल ती मला मान्य आहे," तो म्हणाला.

"अहो, शिक्षा कसली?" मंत्रीसाहेब भलतेच खुशीत होते. "त्यांनी सकाळीच गॅसचा भाव वाढवला. चिमटा काढायलाच हवा होता, पण तुम्हाला कळवायला वेळ कुठे होता? तुम्ही आपणहून ओळखलंत. मत पडलं आणि दहा मिनिटांत त्यांचा फोन. भाव उतरवतायत. बदल्यात उद्या आपण फेरमतदान मागायचं आणि तुम्ही विरोधात मत द्यायचं."

राजदूताच्या हातात अजून राजीनाम्याचा कागद होता.

"छुपे रुस्तम निघालात हं," मंत्रीसाहेब म्हणाले. "तत्त्वाबित्त्वाच्या भानगडीत न पडणारी अशीच माणसं हवीत आपल्याला."