डावं चाक

मॉडेल गाड्यांच्या स्पर्धेत केळुसकरांनी तळहाताएवढी ती लाल रेसिंग कार भिंगाखाली धरली आणि परीक्षकाच्या कागदावर दोन गुण कापले. रंग झकास, जोड कुठे दिसत नव्हते, सीटचा पट्टासुद्धा बकलात अडकवलेला. पण पुढचं डावं चाक चक्क घासलेलं! प्लॅस्टिकच्या किटमधून गाड्या जोडण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला असली हयगय खपत नाही.

"एवढी मेहनत घेतलीत ताई, आणि शेवटी टायर खराब केलात?"

टेबलामागच्या बाई हसल्या. "खराब नाही केला साहेब, झिजवलाय. पॉलिश पेपरनं, चार दिवस बसून. आमच्या ट्रॅकवर मोठी वळणं सगळी उजवीकडची. तिथं गाडी वळली की भार पडतो पुढच्या डाव्या चाकावर. पंधरा वर्षं शर्यतीत टायर बदलायचं काम केलंय मी. पहिला तोच जायचा."

केळुसकरांनी पुन्हा भिंग लावलं. चाक बाहेरच्या कडेला जास्त झिजलं होतं, आतल्या बाजूला कमी. मागचं डावं त्याहून थोडं कमी, आणि उजवीकडची दोन्ही जवळपास कोरी.

कापलेले गुण त्यांनी परत दिले.

घरी काचेच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या एकशेदहा गाड्या होत्या, लखलखीत, ओरखडा नसलेल्या. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की त्यातल्या एकीनंही कधी वळण घेतलेलं नव्हतं.