लिपा-दोन

झाहारीने यादी पुन्हा उघडली. घरातल्या जोडलेल्या यंत्रांच्या त्या यादीत एकच नाव होतं. त्याचं स्वतःचं.

दुपारपासून तो वरच्या खोलीत त्या संगणकाशी झटत होता. संगणक जुनाच, पण त्याच्या पोटात त्याने दुसरा एक संगणक वसवला होता. नुसता प्रोग्रॅमचा बनलेला, हात लावायला काही नाही. त्या आतल्या संगणकात त्याने घरच्या सगळ्या कॅसेटी उतरवून ठेवल्या होत्या. मुलगी दारिना लहान होती तेव्हाच्या, तिची आई होती तेव्हाच्या. आता त्या आतल्याला घराच्या जाळ्यात जोडलं, की झालं. मग खालच्या टीव्हीवर कोणीही त्या लावावं आणि ऐकावं.

पण तेवढंच काही जमेना. जन्म जहाजांवर बिनतारी यंत्रापुढे गेलेला माणूस. भर वादळात पलीकडच्या किनाऱ्यावरचं बंदर त्याने नुसत्या कानाने हुडकलं होतं. आणि इथे जिन्याखाली ठेवलेली, घरच्या फायली साठवणारी पेटी सापडत नव्हती. त्याने आतल्या संगणकाचा पत्ता बदलला. त्याला बाहेरच्याच्या आडोशातून काढून थेट जाळ्यावर उभं केलं. बंद करून पुन्हा चालू केलं. चूक आपलीच कुठेतरी होतेय, याबद्दल त्याला शंका नव्हती.

खाली फाटक वाजलं. मंडळी बाजारातून परतली होती. थोड्या वेळाने जावई दारात आला. ओग्न्यानच्या हातात अजून कांद्याच्या पातीची जुडी होती.

"बाबा, अजून चाललंच आहे का तुमचं?"

"अरे, घरातलं काही दिसतच नाही मला."

ओग्न्यान वाकला, पडद्याकडे बघितलं आणि हसला. "अहो, दिसणार कसं? तुम्ही लिपा-दोनवर आहात."

"मग?"

"घराचं जाळं नुसतं लिपा. लिपा-दोन पाहुण्यांसाठी. इंटरनेट मिळतं, पण तिथून घरातलं काही दिसत नाही. घरातल्यांना तिथलं दिसत नाही. नाहीतर येईल तो आपल्या फायली उघडून बसेल ना!"

"मला वाटलं, दोन म्हणजे वरचा मजला," झाहारी म्हणाला.

ओग्न्यान खो-खो हसायला लागला आणि मध्येच थांबला. पातीची जुडी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही आलात त्या दिवशी घाईत तेच जोडून दिलं मी. मग राहूनच गेलं बघा."

"असू दे रे. बातम्या दिसतात, बुद्धिबळ खेळता येतं. माझं काय अडलं होतं?"

जेवताना ओग्न्यानने ती गंमत सगळ्यांना सांगितली. टेबलावर घेवड्याचं सूप होतं, वर पुदिना. सात वर्षांची नेवेना चमचा आपटत ओरडली, "आजोबा पाहुणे! आजोबा पाहुणे!"

"नेवेना, गप!" दारिनाने तिला दटावलं आणि नवऱ्याकडे वळली. "तू पण कमाल करतोस. जेवण झालं की आधी ते बदलून दे." मग पावाचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "तसा बाबा जूनमध्ये चेरी पिकायच्या सुमाराला वार्नाला आपल्या घरी जाणारच आहे म्हणा. हो ना रे बाबा?"

शरदात इथे, रुसेला, येताना झाहारीच फोनवर म्हणाला होता, हिवाळ्यापुरता येतो. म्हणताना त्याला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, असं कसं, आता इथेच राहायचं. तसं कोणी म्हणालं नव्हतं. पण परत कधी जाणार, असंही कोणी विचारलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्याने खिडकीत दह्याच्या डब्यांमधून टोमॅटोचं बी लावलं होतं. त्याला फळ धरायला ऑगस्ट उजाडतो.

"हो," तो म्हणाला. "चेरीच्या आधीच निघेन. घर बंद आहे, नळबिळ बघायला हवेत."

हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळत होतं.

"सूप घे ना अजून."

"नको, पुरे."

जेवण झाल्यावर ओग्न्यान वर आला. उभ्याउभ्याच त्याने घरच्या जाळ्याचा पासवर्ड टाकला. यादी भराभर भरली. दिवाणखान्यातला टीव्ही, जिन्याखालची पेटी, दारिनाचा लॅपटॉप, नेवेनाचा टॅब, प्रिंटरसुद्धा.

"जमलं की! तुमच्या बाजूने सगळं बरोबरच होतं, बाबा. आता खाली बघतो, टीव्हीवर तुम्ही दिसताय का." आणि तो धडधड जिना उतरून गेला.

झाहारी खुर्चीतच बसून राहिला. जरा वेळाने संगणकावरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. खाली कोणीतरी त्याची कॅसेट उघडली होती. मग जमिनीतून आवाज वर आला. लहानगी दारिना बोबडं बोबडं गाणं म्हणत होती, अडखळली की मागून तिची आई पुढचा शब्द सांगत होती.

"आई गं! ओग्न्यान, मोठं कर, मोठं कर!" खालची दारिना ओरडली. नेवेना खिदळत होती. एवढ्यात कॅसेटमधून झाहारीचाच, पण तरुणपणीचा खणखणीत आवाज आला, "थांबा, थांबा! टेप आत्ता सुरू झालीये. पहिल्यापासून म्हण बघू."

"हा कोण?" नेवेनाने विचारलं.

दारिनाने काय सांगितलं, ते वर ऐकू आलं नाही. गाणं पहिल्यापासून सुरू झालं होतं.

झाहारी उठला. जिन्याच्या तोंडाशी कठड्याला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. मग मागे फिरून खुर्चीत येऊन बसला. दार मात्र त्याने सताड उघडं ठेवलं. खालून कोणी हाक मारलीच, तर ऐकू यायला हवी.