पोटदाबाचं पेटंट

तान्ही नात रडून रडून काळीनिळी पडली होती.

"आई, दाब ना तिचं पोट, तुझ्या पद्धतीनं!" लेक कळवळली.

सगुणाबाईंनी हात पुढे केले, पण बोटांना काहीच आठवेना. चाळीस वर्षं घरोघरची बाळं न्हाऊ घालताना सापडलेली ती युक्ती त्यांना कामाला ठेवणाऱ्या कंपनीनं पेटंट केली होती आणि नोकरी सोडताना त्यांच्या मेंदूतून रीतसर पुसून घेतली होती.

लेकीनं कंपनीला व्हिडिओ कॉल लावला.

"युक्ती वापरायची तर परवाना घ्या, मावशी," तिथला साहेब गोड आवाजात म्हणाला. "शोधाला संरक्षण नसेल, तर नवं कोण शोधणार?"

सगुणाबाईंना शिसारी आली. तेवढ्यात नातीनं आपणच पोट मोकळं केलं. त्यांनी भिंतीवरचं कंपनीनं दिलेलं 'उत्कृष्ट संशोधक' प्रमाणपत्र फ्रेममधून ओढून काढलं, त्यावर शी भरून घेतली आणि ते फोनसमोर धरलं.

"साहेब, हे पोरीनं स्वतः शोधलंय. घ्या, करा पेटंट!"