सूर धरणारा

घरी गाणी रेकॉर्ड करायला लेक सॉफ्टवेअर निवडत होता आणि त्यातली सनई पारखायला तात्या शेजारी बसले होते. पहिल्या दोन सनया म्हणजे नुसत्या पिपाण्या! तिसरी वाजली आणि ते ताठ झाले. थेट थोरल्या भावाची फुंक.

लग्नमांडवात भाऊ राग आळवायचा. तात्यांनी जन्मभर त्याच्या मागे बसून एकच सूर धरला. भाऊ गेला आणि त्यांची सनई फडक्यात गेली. आज ती निघाली. सनईच्या तोंडाची पत्ती ओलावून त्यांनी सूर लावला. दम पुरत नव्हता, तरी जुळला.

"तात्या," लेक चाचरत म्हणाला, "मागचा सूरही यातच आहे." त्याने कळ दाबली.

तात्यांनी सनई खाली घेतली. सूर तसूभरही हलला नाही.

"मग हेच घेऊ?"

"घे," ते पत्ती पुसत म्हणाले. "दादाला असाच सूर हवा असायचा."