ठणठणीत मासे

कारखान्याच्या सांडपाण्यातलं सेलेनियम नदीत किती चालेल, याची मर्यादा आज ठरायची होती, आणि बैठक चालवणाऱ्या साहेबांना ती सैल हवी होती.

"ते मोठ्या माशांना मारत नाही, साहेब. मादीच्या अंड्यांत उतरतं," पाणी तपासणारी बाई पुन्हा म्हणाली.

"मॅडम, पुस्तक मिटा आता." साहेबांनी म्हाताऱ्या मासेमाराला पुढे बोलावलं. "काका, नदीतले मासे कसे आहेत?"

"एकदम ठणठणीत! एकेक असा दांडगा, की जाळं ओढताना घाम फुटतो. पूर्वी पिल्लं वेचून परत पाण्यात सोडण्यातच सकाळ जायची. आता तो तापच नाही."

"ऐकलंत?" साहेब हसले.

"ऐकलं," ती हळूच म्हणाली. "काका, शेवटचं पिल्लू कधी सोडलंत?"

म्हातारा आठवू लागला. साहेबांचं हसू विरलं, तरी तो आठवतच होता.