पुढच्या सोमवारचं जेवण

सोमवार.

"आई, हसू नका. नुसतं जेवा," रीमा म्हणाली आणि तिने मोबाइल वर धरला.

इंदुबाईंनी घास उचलला. ताटात भात, आमटी, तळलेले बोंबील. हात तोंडापाशी थांबला.

"सोमवारी बोंबील? अगो, सोमवारचं मी कवा मावरं खाल्लंय?"

"आज शुक्रवार आहे, आई."

"पण फोटोत सोमवार हाय ना?"

रीमाने खिडकीजवळ उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "बघ, सासूबाईंना वकील करायला पाहिजे होतं."

अल्पेश हसला नाही. "बोंबील काढ. ताईला लगेच कळेल."

बोंबील निघाले. फोटो निघाला.

*

ताई म्हणजे नीलिमा, अल्पेशची बहीण. गोडदेवला असते. रोजचे निकाल सोपे करून सांगणाऱ्या एका वकिलाचा व्हिडिओ तिने घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एक शब्द लिहिला नव्हता. अल्पेश तो पुन्हा ऐकत होता.

—चेक वटला नाही तर नोटीस पाठवायची ती—

अंगठा पुढे.

—सोसायटीच्या गच्चीवर हक्क कोणाचा, याबाबत परवाच—

पुढे.

—आता तिसरा निकाल. आईने घर मुलाला बक्षीस दिलं. अट एकच, सांभाळायचं. मुलाने सांभाळलं नाही. बक्षीसपत्र रद्द, घर परत आईच्या नावावर. पण मित्रांनो, नुसत्या आरोपाने भागत नाही. मुलाकडे सांभाळल्याचा पुरावा असेल, तर—

मागे.

—पुरावा असेल, तर—

बुधवार.

तीच चटई, तोच भात, आता गार झालेला. इंदुबाई आत जाऊन हिरवी साडी नेसून आल्या. भिंतीवरचं कॅलेंडर रीमाने उतरवून खाटेखाली सरकवलं. अल्पेशने मोबाइलमधली तारीख बदलली. बोंबील ताटात परत आले.

गुरुवार. पुन्हा गेले.

शुक्रवार, पुढचा.

रीमाने सासूच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला. यंत्र चालू केलं नाही. अल्पेश आईशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला. फोटो निघेपर्यंत धरून ठेवला.

"तुमी उद्या जेसल पार्कला चाल्लाव ना, नव्या घरात?" इंदुबाईंनी विचारलं.

"हो."

"आन मी?"

"तुझं सगळं इथंच आहे ना, राई गावात. डबा लावू तुला."

"कोण आणंल डबा?"

"बघू."

दाराशी बॅगा भरून ठेवल्या होत्या. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली होती. फोटोत यातलं काही येणार नव्हतं. रीमा तशी काळजी घेत होती.

"दिलेलं घर ठेव तुझ्याकडं," इंदुबाई म्हणाल्या. "मना काय डोईवर न्यायचंय? पण मना एकलीला ठेवू नको रं."

"आई," अल्पेश हळूच म्हणाला, "असं कोणापुढे बोलायचं नाही. ताईपुढे तर नाहीच."

*

साड्या संपल्या. रीमा आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली फिकी निळी साडी होती.

"ही बघा! घडीसुद्धा मोडली नाहीये अजून. एवढी चांगली साडी कुठे लपवून ठेवली होतीत?"

अल्पेशचा अंगठा थांबला.

रीमा राईतली नव्हती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. राईतल्या म्हाताऱ्या अशी एक साडी आधीच बाजूला ठेवतात, माहेरची. इंदुबाईंना ती त्यांच्या भावाने, परशुरामने, स्वतः आजारी असताना येऊन दिली होती. मागाहून आणायला आपण असू-नसू म्हणून. ती एकदाच नेसायची असते. म्हणजे, नेसवायची असते, शेवटच्या अंघोळीनंतर.

इंदुबाईंनी साडी मांडीवर घेतली. डांबरगोळ्यांचा वास सुटला. सोमवारचे बोंबील त्यांनी स्वतः सांगून काढायला लावले होते. आता त्या नुसत्या मुलाकडे बघत राहिल्या.

अल्पेश साडीकडे बघत होता.

"काय झालं?" रीमाने विचारलं. "नको का ही?"

"काही नाही," तो म्हणाला. "नेसू दे."

इंदुबाई उठल्या. आत गेल्या नाहीत. तिथेच, नेसत्या साडीवरून त्यांनी ती निळी साडी गुंडाळून घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि ताटापुढे येऊन बसल्या.

"ही कंच्या दिसाची रं, अल्पेश?"

अल्पेशने मोबाइलमधल्या तारखेवर बोट ठेवलं आणि पुढे सरकवलं. महिना गेला. दुसरा गेला. रीमा मोबाइल मागायला हात पुढे करून उभी होती. तो सरकवतच राहिला.