जरा बोट द्या

गणिताच्या निवृत्त शिक्षिका सत्यशीलाबाईंना दोऱ्याच्या आकृत्यांचा नाद होता. दोऱ्याचा फास बोटांत अडकवायचा, दर वेळी एकच चाल बदलायची आणि काय निघतं ते बघायचं. त्यांचे यजमान वैजनाथराव मात्र अर्धांगवायूनंतर उजव्या हाताचा व्यायाम करायला तयारच नव्हते.

"अहो, इथे दोन हात पुरत नाहीत. जरा बोट द्या," एका सकाळी त्या म्हणाल्या.

त्यांनी डावं बोट पुढे केलं.

"उजवं लागेल. डाव्यानं आकृती उलटी येते."

बऱ्याच वेळानं उजवी तर्जनी थरथरत वर आली. बाईंनी तिच्यावर दोरा चढवला आणि दोघांच्या मध्ये एक चांदणी उमटली.

"काल ही तू एकटीनंच केली होतीस," वैजनाथराव म्हणाले. बोट मात्र त्यांनी खाली घेतलं नाही.